आभाळाची वहिवाट

देवबागच्या टोकाला, कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावर उभे राहिले, की पलीकडचा भोगव्याचा किनारा हाकेच्या अंतरावर दिसतो. होडीत बसले तर काही मिनिटांत पलीकडे पाय लागतो. तेच गाडीने जायचे झाले तर आधी मालवणच्या दिशेने उलटे यावे लागते, मग धामापूरच्या रस्त्याने नेरूरपारचा पूल ओलांडून परुळ्याच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढावे लागते आणि यात तासभर कधी उलटून जातो ते कळत नाही. कोकणात आम्ही अंतर असेच मोजत आलो आहोत. खाडीपलीकडचे गाव म्हणजे लांबचे गाव. सोयरीक जुळवतानासुद्धा हा हिशेब धरला जातो. चिपीच्या सड्यावर सिंधुदुर्ग विमानतळ झाला आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन होऊन मुंबईहून पहिले प्रवासी विमान उतरले, तेव्हा मालवण-तारकर्लीच्या बाजूच्या आम्हा लोकांच्या मनात तो विमानतळ याच हिशेबाने लांब राहिला. प्रत्यक्षात नकाशावर फूटपट्टी ठेवून पाहिले तर देवबागच्या टोकापासून तो जेमतेम चार-पाच किलोमीटरवर आहे. खाडी होडीला आणि गाडीला आडवी येते. ड्रोनला ती आडवी येत नाही आणि विमानालाही येत नाही.

हे मला फार उशिरा उमगले आणि ज्या दिवशी उमगले तो दिवस मी विसरू शकत नाही.

माझा मालवणात छोटा स्टुडिओ आहे. लग्न, बारसे, गणपती, जत्रा ही आमची नेहमीची कामे. पर्यटन वाढले तसे होम-स्टे आणि रिसॉर्टवाले ‘वरून घेतलेले’ चित्रीकरण मागू लागले आणि मीही एक ड्रोन घेतला. वजनाने किलोच्या आतला, घड्या घालून पिशवीत मावणारा. तो हातात आल्यावर पहिले काही महिने मी अक्षरशः भारावलेला होतो. ज्या किनाऱ्यावर लहानपणापासून पाय बुडवले, त्याचा वरून दिसणारा आकार, खाडीच्या मुखाशी गाळाने काढलेल्या रेघा, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना वाळूवर उमटणारे अर्धवर्तुळ, हे सगळे पाहताना आपल्याच गावाची नव्याने ओळख होत असल्यासारखे वाटे. त्या आनंदाबद्दल मला आजही काही उणे बोलायचे नाही. ज्याला आपला मुलूख प्रिय आहे त्याला तो वरून पाहावासा वाटणारच.

त्या हिवाळ्यात भोगव्याच्या बाजूला एक काम होते. विमानतळ सुरू होऊन दोन-तीन महिने झाले होते. मी माझ्या परीने खबरदारी घेतली होती, निदान तसे मला वाटत होते. त्या दिवशीचे विमान किती वाजता येते आणि किती वाजता परत जाते, याची मी चौकशी केली होती. ते दुपारी येऊन गेले. त्यानंतर आभाळ मोकळे, असे मी धरून चाललो आणि चारच्या सुमारास ड्रोन वर सोडला. तो किनाऱ्यापासून पाच-सहाशे मीटर आत, पाण्यावर नव्वद मीटर उंचीवर होता. माझे डोळे हातातल्या पडद्यावर होते. पडद्यावर एक होडी होती, तिच्या मागे पांढरी रेघ उमटत होती आणि ती रेघ चौकटीत नेमकी बसावी एवढीच मला काळजी होती.

लाटांच्या आवाजात मला दुसरा आवाज आधी ऐकूच आला नाही. माझ्यासोबत आलेल्या होडीवाल्या काकांनी खांद्याला हात लावला आणि निवतीच्या दिशेला बोट दाखवले. किनाऱ्याला धरून, समुद्रावरून, एक हेलिकॉप्टर खालून येत होते. खालून म्हणजे किती, हे मला त्या क्षणी सांगता आले नसते. पण आम्ही विमान पाहतो त्यापेक्षा कितीतरी खालून. मी पडद्यावरून मान वर केली आणि माझा ड्रोन शोधू लागलो. तो दिसेना. दिसला तेव्हा एक करडा ठिपका होता आणि तो हेलिकॉप्टरच्या अलीकडे आहे की पलीकडे, वर आहे की खाली, यातले काहीच डोळ्यांना ठरवता येईना. उघड्या समुद्रावर मागे झाड नाही, घर नाही, डोंगर नाही. डोळ्याला माप घ्यायला काहीच नसते. पडद्यावर तर फक्त पाणी आणि होडी. ड्रोनचा कॅमेरा खाली पाहत होता, त्याला मागून काय येते आहे ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

मी नियंत्रकावरची कांडी पूर्ण खाली दाबली. ड्रोन दगडासारखा खाली येत नाही, हे तेव्हा समजले. तो सेकंदाला तीन-चार मीटर या बेताने उतरतो, कारण त्याहून वेगाने उतरला तर स्वतःच्याच पंख्यांच्या वाऱ्यात डळमळतो. नव्वद मीटर उतरायला साधारण तेवीस ते तीस सेकंद लागतात. ताशी दोनशे किलोमीटर वेगाने येणारे हेलिकॉप्टर तेवढ्या वेळात सव्वा किलोमीटरहून अधिक अंतर पार करते. हा हिशेब मी घरी जाऊन कागदावर मांडला. किनाऱ्यावर मात्र मला एवढेच जाणवत होते, की मी बोट दाबून धरले आहे आणि पडद्यावरचा उंचीचा आकडा सावकाश, फार सावकाश कमी होतो आहे: ऐंशी, एकाहत्तर, त्रेसष्ट. हेलिकॉप्टर गेले. ते ड्रोनच्या बरेच बाहेरून, समुद्राच्या बाजूने गेले असावे. कोणाला काही झाले नाही, कोणाला काही कळलेही नाही. रिसॉर्टच्या व्हरांड्यात चहा पीत बसलेल्या पाहुण्यांनी हेलिकॉप्टरला हात हलवले.

होडीवाले काका मला म्हणाले, “तू त्येंका सांगललंस मा?” मी कोणालाच काही सांगितले नव्हते. सांगायचे असते, कोणाला तरी विचारायचे असते, हे मला अर्धवट ठाऊक होते. पण दिवसाला एक विमान येणाऱ्या विमानतळाला काय विचारायचे, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

मला या लेखात मुख्यतः त्या ठरवून टाकण्याबद्दल लिहायचे आहे. मुंबईच्या विमानतळाशेजारी राहणाऱ्याच्या डोक्यावरून दर दोन-चार मिनिटांनी विमान जाते. तिथे ड्रोन उडवू नये हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. आभाळच त्याला सांगत असते. लहान विमानतळाचे आभाळ बहुतेक वेळ रिकामे असते आणि ते रिकामेपणच माणसाला फसवते. चिपीची विमानसेवा गेल्या काही वर्षांत कधी वाढली, कधी रोडावली. त्यामुळे ‘सध्या तिथे काही नसते’ हे वाक्य आमच्याकडे चहाच्या टपरीवर सहज ऐकू येते. रत्नागिरीचेही तसेच. तिथून नियमित प्रवासी विमान नाही, म्हणून अनेकांच्या लेखी तो विमानतळ बंदच आहे. वास्तविक तिथे तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे. समुद्रात एखादी होडी बेपत्ता झाली, वादळाची चाहूल लागली, एखाद्या जहाजावरच्या आजारी माणसाला उतरवायचे झाले, की निघणाऱ्या विमानाचे किंवा हेलिकॉप्टरचे वेळापत्रक कोणत्याही संकेतस्थळावर लागत नाही. ती उड्डाणे शोध घेणारी असतात, म्हणून खालून होतात आणि किनाऱ्याला धरून होतात, म्हणजे नेमकी तिथे, जिथे आम्ही ड्रोन उडवतो. ज्या दर्यावर्दी माणसांच्या जिवावर आमच्या गावांची चूल पेटते, त्यांना शोधायला निघालेल्या वैमानिकासमोर माझ्या हौसेचे यंत्र आले असते, ही कल्पना मला आजही सहन होत नाही.

कायदा काय म्हणतो ते मी त्यानंतर नीट वाचले. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने ड्रोन नियम, २०२१ लागू केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संपूर्ण देशाच्या आभाळाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्या नकाशात आभाळ हिरव्या, पिवळ्या आणि लाल अशा तीन रंगांत वाटले आहे. हिरव्या भागात जमिनीपासून १२० मीटरपर्यंत, म्हणजे ४०० फुटांपर्यंत, उड्डाणासाठी वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी आधी घ्यावी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून काहीही उडवता येत नाही. चालू असलेल्या विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरचा जो पट्टा आहे, त्यात हिरवा भाग ६० मीटरपर्यंतच असतो. त्यावरचे सगळे आभाळ पिवळे. त्याहून आत, विमानतळाकडे सरकावे तसे बंधन वाढत जाते. आधी हा पिवळा घेर ४५ किलोमीटरचा होता, तो १२ वर आणला गेला, म्हणजे नियम करणाऱ्यांनी हौशी आणि व्यावसायिक माणसाला बरीच मोकळीक दिली आहे. उरलेल्या १२ किलोमीटरांबद्दल कुरकुर करायला मला तरी तोंड नाही.

आता हे घेर कोकणच्या किनाऱ्यावर ठेवून पाहावेत. चिपीभोवती वर्तुळे काढली की परुळे, भोगवे, निवती, देवबाग, तारकर्ली ही पर्यटकांच्या तोंडी असलेली जवळजवळ सगळी नावे त्यांच्या पोटात येतात आणि मालवण शहर कडेला लागते. आमच्या भागात जिथे जिथे ड्रोन उडवण्याचा मोह होतो, ती बहुतेक ठिकाणे ही अशी आहेत. दक्षिणेला आणखी एक वर्तुळ आहे, ते पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मोपाचा विमानतळ गोव्यात आहे, पण अगदी सीमेला लागून. त्याचे वर्तुळ तेरेखोल नदी ओलांडून महाराष्ट्रात येते आणि बांदा, सातार्डा ही सावंतवाडी तालुक्यातली गावे त्यात सापडतात. बांद्याचा एखादा तरुण म्हणेल की, आमच्या जिल्ह्याचा विमानतळ तर चिपीला, तो इथून कितीतरी दूर. त्याचे म्हणणे खरे असूनही तो चुकलेला असेल. जिल्ह्याची हद्द आणि राज्याची हद्द जमिनीवर असते.

मला स्वतःला या नियमांमागचे कारण समजून घेतल्याशिवाय ते मनापासून पाळता आले नसते, म्हणून मी थोडे आकडेही जुळवून पाहिले. प्रवासी विमान उतरताना साधारणपणे तीन अंशांच्या उताराने खाली येते. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे बावन्न मीटर उंची कमी होते. धावपट्टीपासून चार किलोमीटरवर असलेले विमान धावपट्टीच्या पातळीपेक्षा दोनशे-सव्वादोनशे मीटर वर असते; दोन किलोमीटरवर शंभरच्या आसपास. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटर लांब असून पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे समुद्राकडून उतरणारे विमान देवबाग-भोगव्याच्या परिसरावरूनच खाली येते. त्यावर कोणी म्हणेल की, ड्रोन ऐंशी-नव्वद मीटरवर आणि विमान दोनशेच्या वर, मध्ये भरपूर जागा आहे. कागदावर ती असतेही. पण वैमानिकाला कधीकधी उतरणे रद्द करून वळावे लागते, हेलिकॉप्टर हा उतार पाळत नाही, आणि ड्रोनची उंची म्हणून आपल्याला पडद्यावर जो आकडा दिसतो तो जिथून उडवला त्या जागेपासूनचा असतो. हे शेवटचे कोकणात फार महत्त्वाचे आहे. आमचा सडा समुद्रावर कड्यासारखा उभा असतो. कड्यावरून ड्रोन सोडून साठ मीटर वर नेला आणि तसाच समुद्रावर सरकवला, तर पडद्यावर साठच दिसत राहतात, पण खालच्या पाण्यापासून तो कितीतरी अधिक उंच गेलेला असतो. सड्याची उंची त्यात मिळवायची आठवण यंत्र करून देत नाही.

दुसरी गोष्ट मला एका अनुभवी उड्डाण-प्रशिक्षकाने दाखवली आणि तिच्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. ड्रोनचा आणि हातातल्या नियंत्रकाचा संपर्क तुटला, किंवा बॅटरी संपत आली, की ड्रोन आपण होऊन जिथून उडवला त्या जागी परततो. परतण्यापूर्वी वाटेत झाड-इमारत लागू नये म्हणून तो ठरावीक उंचीपर्यंत चढतो. ही उंची आधी भरून ठेवलेली असते आणि पुष्कळांच्या यंत्रात ती शंभर मीटर किंवा त्याहून जास्त असते. आपण ती कधी उघडून पाहिलेलीच नसते. ६० मीटरच्या पट्ट्यात अत्यंत काटेकोरपणे पन्नास मीटरवर उडवणाऱ्या माणसाचा ड्रोन संपर्क तुटताच त्याला न विचारता शंभरावर जाईल आणि त्या वेळी त्याच्या हातात काहीही नसेल. आमच्याकडे दुपारनंतर खारे वारे जोर धरतात, सकाळी लवकर मतलई वाहतात. मतलईच्या वेळी ड्रोन समुद्रात आत नेला की जाताना वारा पाठीशी असतो आणि येताना तोंडावर; जायला जेवढी बॅटरी लागली त्याच्या दुप्पट यायला लागू शकते. अशा वेळी ‘बॅटरी कमी’ची सूचना येते आणि यंत्र वर चढू लागते. आता मी प्रत्येक जागी पोहोचल्यावर ती उंची आधी पाहतो, माडांच्या शेंड्यांचा अंदाज घेतो आणि त्या जागेला मंजूर असलेल्या मर्यादेत ती बसवतो. माड आणि मर्यादा यांच्यात पुरेशी जागा नसेल तर जागा बदलतो.

यंत्राने अडवले नाही म्हणजे परवानगी आहे, असाही एक समज आहे. काही ड्रोन विमानतळाजवळ उडायलाच नकार देतात, काही नुसती सूचना दाखवतात, काही तेही करत नाहीत. कंपनीने यंत्रात भरलेला नकाशा आणि सरकारने प्रसिद्ध केलेला नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला बांधील असतो तो दुसरा, आणि तोही वेळोवेळी बदलतो. एखाद्या मोठ्या कार्यक्रमासाठी किंवा सुरक्षेच्या कारणासाठी एखादा भाग तात्पुरता लाल ठरवण्याची तरतूद नियमांतच आहे. म्हणून काल हिरवी असलेली जागा आज उडवण्यापूर्वी पुन्हा पाहावी लागते.

माझा भाचा मला परवा म्हणाला, “मामा, माझा ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, मला काही लागू होत नाही.” हा समज आमच्याकडच्या तरुण मुलांत फार पसरला आहे, त्यामुळे मी त्याला समोर बसवून समजावले. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला उड्डाण-प्रमाणपत्रातून सूट आहे, तृतीय पक्ष विम्यातूनही आहे. मोठ्या ड्रोनमध्येही दोन किलोपर्यंतचा ड्रोन निव्वळ हौसेसाठी उडवणाऱ्याला प्रमाणपत्र लागत नाही. माझ्यासारखा त्यावर पैसे कमावणारा असेल तर लागते, आणि ते मी रीतसर प्रशिक्षण घेऊन मिळवले. पण लाल आणि पिवळ्या आभाळाचा नियम वजनाला सूट देत नाही. नियम मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही मी त्याला सांगितले. दंडाने तो फारसा बिचकला नाही. मग मी त्याला जानेवारी २०२५ मधली लॉस एंजेलिसची हकिगत सांगितली. तिथे वणवे पेटलेले असताना एका माणसाने आग पाहण्यासाठी ड्रोन सोडला. तो अडीच किलोमीटर लांब गेला, उडवणाऱ्याच्या नजरेआड झाला आणि समुद्रातून पाणी उचलून आगीवर टाकणाऱ्या विमानावर आदळला. पंखाला भोक पडले. विमान सुखरूप उतरले, पण दुरुस्तीसाठी जमिनीवर बसले आणि घरे जळत असताना त्या विमानाचे पाणी मिळाले नाही. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “त्याला विमान दिसलं नसेल?” मला भोगव्याचा तो करडा ठिपका आठवला.

परवानगी मागण्याची गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण लोकांना तिचीच धास्ती असते. माझा पहिला अर्ज परत आला, आणि तो यायलाच हवा होता. मी त्यात जागेचे नाव लिहिले होते, ‘आमच्या वाडीमागचा किनारा’ अशा थाटात. विमानतळाच्या मनोऱ्यात बसलेल्या माणसाला वाडी कशी कळणार? दुसऱ्या वेळी जागेचे अक्षांश-रेखांश, तिच्याभोवती किती मीटरच्या वर्तुळात उडवणार, जास्तीत जास्त किती उंची, कोणत्या दिवशी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, ड्रोनचा नोंदणी क्रमांक, माझे प्रमाणपत्र, आणि त्या वेळात ज्यावर मी नक्की सापडेन असा फोन, हे सगळे दिले. हे भरताना माझ्या ध्यानात आले की, यातला प्रत्येक रकाना मला स्वतःला आधीच विचारायला हवा होता. मला नेमके किती उंच जायचे आहे? खरे तर पस्तीस मीटरवरून होम-स्टेचे कौलारू छप्पर आणि मागचा किनारा दोन्ही चौकटीत येतात. शंभर मीटरवरून छप्पर काड्यापेटीएवढे दिसते. उंची मागण्याची सवय ही बहुतेक वेळा नुसती सवय असते.

उशीर होतो, हे मी नाकारणार नाही. एका कार्यालयात माझा कागद सतरा दिवस पडून राहिला आणि तेवढ्यात गिऱ्हाइकाचा हंगाम निघून गेला. ज्यांना नियमाने वागायचे आहे त्यांच्यावर अशी वेळ येऊ नये, कारण विनापरवाना उडवणारा त्या सतरा दिवसांत सतरा कामे करून मोकळा होतो आणि प्रामाणिक माणूस मूर्ख ठरतो. लहान विमानतळांच्या पंचक्रोशीत पर्यटनावर जगणारी एवढी माणसे असताना, त्यांना दोन दिवसांत हो किंवा नाही असे स्पष्ट उत्तर मिळाले पाहिजे. आंब्याच्या बागांत आता ड्रोनने फवारणी होऊ लागली आहे. कलमांवर मोहर आला की बागायतदार सतरा दिवस थांबू शकत नाही. ही मागणी मी करत राहीन. पण उशीर होतो म्हणून विचारायचेच नाही, हे मला पटत नाही.

आमच्याकडे वहिवाट हा शब्द लहान मुलालाही कळतो. एकाच्या परड्यातून दुसऱ्याच्या विहिरीकडे जाणारी वाट असते. जमीन पहिल्याची असली तरी ती वाट त्याला अडवता येत नाही, आणि दुसऱ्याला तिथून चिऱ्यांचा ट्रक न्यायचा असेल तर तो आधी येऊन पडवीत बसतो, पान खातो आणि विचारतो. कोर्टात वर्षानुवर्षे चाललेली भांडणे पाहिली तर ती बहुधा न विचारता ट्रक घातल्यानेच सुरू झालेली असतात. माझ्या अंगणावरचे आभाळ माझे आहे असे मला वाटत होते. त्या आभाळातून माझ्याही आधी कोणाची तरी वाट गेलेली आहे आणि तिच्यावर माणसे बसलेली असतात. नियमांतही हेच आहे: माणसे घेऊन जाणाऱ्या विमानाचा मार्ग पहिला, ड्रोनने बाजूला व्हायचे.

गेल्या वर्षी भोगव्याच्या त्याच बाजूचे काम पुन्हा आले. नकाशा उघडला, जागा पाहिली आणि मी काम देणाऱ्यांना ड्रोनने करून देता येणार नाही असे सांगितले. ते नाराज झाले. दुसरा कोणी करून देईल असेही म्हणाले. मी म्हटले, “मला एक सकाळ द्या.” पहाटे तिपाई आणि लांब पल्ल्याचा कॅमेरा घेऊन सड्याच्या कडेला गेलो. ज्यांनी तो देखावा पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, तिथून खाली माडांची रांग, वाळूचा कोयत्यासारखा वळलेला किनारा आणि त्यापलीकडे कर्लीचा संगम एका नजरेत येतो. सड्यानेच आम्हाला उंची दिलेली आहे. दव पडून गवत ओले होते, तिपाईचा एक पाय सारखा घसरत होता, शेवटी जांभ्याच्या खळग्यात तो रुतवला. उजेड खाडीत उतरला तसे मी चित्रण केले. त्यांना ते आवडले.

आणि याच हिवाळ्यात, मालवणच्या बाजूला पिवळ्या पट्ट्यात मोडणाऱ्या एका जागेची परवानगी मिळाली. सकाळी सात ते सात चाळीस, उंची पन्नास मीटर. अट अशी की सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर फोन करायचा. सात वाजता फोन केला, पलीकडून शांतपणे होकार आला. भाच्याला सोबत नेले होते; त्याच्याकडे पडद्याचे नाही, आभाळाचे काम दिले होते. त्याने सगळा वेळ मान वर करून पाहत राहायचे आणि काही दिसले, ऐकू आले, की मोठ्याने सांगायचे. सात बावीसला फोन वाजला. ठरलेल्यात नसलेले एक उड्डाण येत होते, ड्रोन खाली घ्यावा. मी पस्तीस मीटरवर होतो. दहा-बारा सेकंदांत ड्रोन वाळूवर घातलेल्या चटईवर टेकला. मी पंखे थांबले याची खात्री केली आणि फोनवर तसे कळवले. आम्ही दोघे वाळूत बसलो. उजेड ऐन भरात होता, पाणी अगदी स्थिर, आणि होम-स्टेच्या बाई अंगणातून हाताने ‘काय झाले’ असे विचारत होत्या. भाचा मान वर करूनच बसला होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “मामा, आलं.” दक्षिणेकडून, आमच्यापासून खूप दूर, एक विमान सड्याच्या दिशेने उतरत गेले. त्याचा आवाज ते दिसेनासे झाल्यावर आमच्यापर्यंत पोहोचला.

सात सदतीसला पुन्हा फोन आला. तीन मिनिटे उरली होती. मी त्यांना सांगितले की, आजचे काम झाले, ड्रोन पिशवीत ठेवला आहे. पलीकडच्या माणसाने वेळ विचारली, मी सांगितली, आणि त्याने ती लिहून घेतल्याचे मला ऐकू आले.